ओहोटीला जाणारं चित्र

चित्र आलं तेव्हा बोटीच्या खालच्या केबिनमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. टीव्हीच्या पडद्यावर आधी नुसता निळा उजेड होता, मग एकदम बातम्या देणारी बाई प्रकटली आणि दाटीवाटीने बसलेल्या सगळ्यांनी तिलाच हात जोडले. बातम्या काय होत्या ते कोणी ऐकलं नाही. लहरीबाबाने तांब्याची तार गुंडाळलेली काठी खाली ठेवली, घाम पुसला आणि म्हणाला, "आणला ओढून." बाहेर बोटीला होड्या लावून उभ्या असलेल्या लोकांपर्यंत बातमी गेली आणि तिकडूनही जयजयकार झाला.

मास्तरीण दारात उभी होती. ती पडद्याकडे बघत नव्हती, फळीवर झोपलेल्या थोरल्या भावाच्या पायाकडे बघत होती. जाळ्याचा गंजका आकडा तळव्यात घुसल्याचं निमित्त झालं होतं. आता पाऊल सुजून काळंनिळं पडलं होतं आणि अंगात सणसणून ताप होता. डॉक्टर येऊन स्पष्ट सांगून गेले होते की याला आजच्या आज पलीकडच्या किनाऱ्यावरच्या इस्पितळात न्या, उशीर केलात तर पाय जाईल, आणखी उशीर केलात तर माणूस जाईल. बोट होती, इंजिन होतं, तेल होतं. नांगर उचलायचा काय तो अवकाश होता, आणि तोच उचलायला बाबाची बंदी होती.

बाबाचं शास्त्र असं. आकाशातल्या लहरी शरीरात शिरतात आणि शरीरातल्या लहरी पडद्यावर उतरतात. तेव्हा पडद्यावरचं चित्र म्हणजे रोग्याचा प्राण. चित्र गेलं की प्राण समुद्राकडे ओढला जातो, मग बाबा काठी फिरवून त्याला परत आणतो. बोट जागची हलली, की प्राणाची दोरी तुटलीच म्हणून समजा. लहरी म्हणजे काय असं कोणी विचारलं की बाबा डोळे मिटून घ्यायचा, आणि विचारणाराच ओशाळायचा.

लोकांनी विश्वास ठेवला यात नवल नव्हतं. बोट हेच दादाचं घर, आणि तिच्यावरचा त्याचा टीव्ही इतके दिवस झकास चालत होता. तो अंथरुणाला खिळला आणि त्याच दिवसापासून चित्र जायला लागलं. जायचं ते चांगलं तासन्‌तास जायचं, आणि बाबा येऊन बसला की थोड्या वेळाने परत यायचं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, की फांदीपेक्षा कावळ्याचाच बोलबाला होतो. हा कावळा तर दोन वेळचं जेवून वर ढेकर देत होता.

"वहिनी, निघू या गं," मास्तरीण पुन्हा म्हणाली.

वहिनीने मान हलवली. तिचे डोळे रडून रडून सुजले होते. "वन्सं, काल चित्र गेलं तेव्हा यांचे हातपाय गार पडले होते. मी माझ्या हाताने बघितलंय. तुम्ही शाळेत शिकवता ते खरं, पण हे माझं कुंकू आहे."

दादाला विचारावं तर तो पडद्यावरची नजर काढायला तयार नव्हता. चित्र गेलं की त्याचा श्वास वर लागायचा, आल्यावर खाली बसायचा. भीतीने माणसाचं काय होतं ते मास्तरणीला दिसत होतं आणि त्याच्यापुढे तिचं काही चालत नव्हतं. ती वर डेकवर गेली आणि कठड्याला धरून रडली. हुशारीचा एवढा मोठा गठ्ठा डोक्यात, आणि सख्खा भाऊ डोळ्यांदेखत सडतोय.

डोळे पुसून वर बघितलं तर समोर बर्फाच्या कारखान्याची चिमणी होती. सकाळी चित्र गेलेलं असताना ती इथेच, याच कठड्याला उभी होती, आणि तेव्हा समोर दीपगृह होतं. चिमणी एका किनाऱ्याला, दीपगृह दुसऱ्या. खाली केबिनमधून हे कोणाला दिसायचं कारण नव्हतं, कारण बाबाने पहिल्या दिवसापासून खिडक्यांना जाड पडदे लावून घेतले होते. म्हणे, उजेडाने लहरी फाटतात.

तिने भूगोल शिकवण्यात अर्धं आयुष्य घालवलं होतं, पण हे कळायला भूगोल लागत नव्हता. एका नांगरावर उभी असलेली बोट पाण्याच्या ओढीने फिरते. ओहोटीला तिचं तोंड जमिनीकडे होतं, भरतीला समुद्राकडे. हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण धक्क्यावर पुढून-मागून बांधलेली बोट फिरत नाही. दादा धडधाकट होता तेव्हा बोट धक्क्याला असायची. तो आजारी पडला आणि धक्क्यावरची जागा कामाच्या बोटींना हवी म्हणून ही खाडीच्या मध्यावर नेऊन नांगरली. दुखणं आणि नांगर एकाच दिवशी आले होते.

ती मागे वळली. उपग्रहाकडून चित्र घेणारी टीव्हीची छत्री तिथे होती, पांढऱ्या प्लास्टिकच्या टोपाखाली, सुकाणूच्या लोखंडी केबिनच्या पाठीला चिकटून. छत्री बसवणाऱ्याने तेव्हा कपाळाला हात लावला होता. अहो, केबिनच्या छपरावर बसवू द्या, तिथून चारी दिशा मोकळ्या, असं तो विनवत होता. पण जाळं ओढताना दोर छपरावरून घासतो, म्हणून दादाने हट्टाने ती खाली आडोशाला बसवून घेतली होती. मच्छीमाराला आधी जाळं, मग टीव्ही.

तिने खाली येऊन हे सगळं सांगितलं. कोणाला पटलं नाही.

"बोट फिरते हे आम्हाला तू सांगणार?" दादा खोल आवाजात म्हणाला. "मास्तरीण, ती छत्री टोपाच्या आत आपली आपण फिरते. बोट कशीही वळली तरी ती उपग्रहाकडेच बघते. छत्री बसवणारा सांगून गेलाय."

ही तिथली खरी गोम होती. छत्री उपग्रहाकडे बघते हे खरं, पण मध्ये लोखंडाची भिंत आली तर बघून काय दिसणार? उपग्रह जमिनीच्या बाजूला, टेकडीच्या वर. ओहोटीला बोटीचं तोंड टेकडीकडे झालं की केबिन बरोबर छत्रीच्या आड येत होती. बाबा ओहोटी संपता संपता येऊन बसायचा, एवढंच त्याचं सामर्थ्य. ज्यांच्या अंगात भरती-ओहोटी मुरली होती, त्यांनी ती टीव्हीला कधी लावूनच पाहिली नव्हती.

पुढच्या ओहोटीला चित्र गेलं. दादा कण्हायला लागला, वहिनीने त्याचे पाय पोटाशी धरले, होड्या पुन्हा जमल्या. बाबा अजून जेवत होता, त्याला घाई नव्हती. मास्तरणीने कोणाला न विचारता पाना घेतला आणि वर जाऊन छत्रीचे बोल्ट फिरवायला लागली. ते गंजले होते. हात सोलले, एक नख उलटलं. खालून भावाचं कण्हणं ऐकू येत होतं आणि तिला काही सुचत नव्हतं, नुसता पाना फिरत होता. तो टोप उराशी धरून ती छपरावर चढली, वायरचं जास्तीचं वेटोळं तिने मागून ओढून घेतलं आणि टोप दोराने छपराला करकचून बांधला.

टोपाच्या आत घरघर सुरू झाली. छत्री शोधत होती. होडीतला एक जण हसला. खाली पडदा निळाच होता. मास्तरणीला वाटलं, चुकलं असेल तर वहिनी या जन्मात आपलं ऐकणार नाही, आणि दादाला तर तेवढा वेळही नाही.

मग खालून गलका झाला. पडद्यावर एक बाई केसांतला कोंडा घालवत होती.

बाबा खरकट्या हाताने उठला. "माझीच कृपा. आज लवकर आला प्राण."

मास्तरणीने इंजिनावरचं पत्र्याचं झाकण उचललं आणि वहिनीचा हात धरून तिला छपरावर नेलं. खालच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "धर हे टोपासमोर, टेकडीच्या बाजूने." वहिनीने धरलं. खालून ओरड आली, चित्र गेलं. "आता काढ." चित्र आलं. वहिनीने पुन्हा झाकण धरलं, पुन्हा काढलं. कोंड्याची बाई जात होती, येत होती. वहिनी थांबेना.

मास्तरीण खाली भावाजवळ येऊन बसली. "दादा, तुझा प्राण त्या झाकणात आहे का रे?"

त्याने पडद्यावरची नजर काढली. मग पहिल्यांदा त्याने आपल्या पायाकडे बघितलं. "नांगर उचला," तो म्हणाला.

बाबा कुठल्या होडीत बसून गेला ते कोणी पाहिलं नाही. जिथे बोटी नांगरतात आणि माणसं घाबरतात अशी बंदरं पुष्कळ आहेत, त्याला उपाशी राहायची वेळ येणार नाही.

दादा वाचला. पाऊल गेलं. थोडं आधी आणलं असतं तर राहिलं असतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि वहिनी इस्पितळाच्या जिन्यात बसून हंबरडा फोडून रडली. तिला दोष देणं सोपं आहे. आपला माणूस जात असताना जो कोणी दोरी फेकेल ती आपण पकडतो. पण पकडण्याआधी तिचं दुसरं टोक कोणाच्या हातात आहे ते एकदा बघायला हवं, आणि दिसत नसेल तर खिडकीवरचा पडदा बाजूला करायला हवा. पडदा सारायला कोणी मनाई करत असेल, तर आधी तोच सारावा.

छत्री आता छपरावरच आहे. जाळ्याचा दोर दादाने दुसरीकडून घेतला. शेजारच्या बोटीवरची बाई कोणासाठी अंगारा मागायला आली, की वहिनी तिला आत बोलावते, खिडक्या उघडते, आणि कुबडीवर उभ्या असलेल्या नवऱ्याच्या पाऊल नसलेल्या पायाकडे बोट दाखवून विचारते, "डॉक्टरकडे कधी नेताय?"