एक टकटक म्हणजे थांब

माझ्या थोरल्या भावाच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण सापडत नाही. दादा नट आवळताना बोलतो, पाना शोधताना बोलतो, आणि ऐकायला कुणीच नसेल तर गाडीशी बोलतो. गिऱ्हाइकांना ते आवडतं. मला नाही आवडत, कारण आमच्या गॅरेजात कानाचं काम माझ्याकडे आहे.

त्या दिवशी अंगणात ती लांबलचक काळी गाडी उभी होती. तिच्या मालकीणबाई वयस्कर, बोटं संधिवाताने वाकडी झालेली. एवढी जड दारं ओढून घेणं त्यांना जमत नाही, म्हणून तर त्या ही जुनी गाडी विकायला तयार नाहीत. हिचं दार नुसतं टेकवायचं; उरलेलं ते स्वतःच आत ओढलं जातं आणि आवाज न करता बसतं. ही सगळी करामत मागच्या सीटखाली फोममध्ये गुंडाळून ठेवलेल्या एका छोट्या हवेच्या पंपाची. त्याच्यापासून बारीक नळ्या चारही दारांना जातात. पंपाने हवा खेचली की दारं मिटतात, कुलपं खाली बसतात. हवा उलटी ढकलली की कुलपं वर येतात. एखाद्या नळीला चीर गेली तर पंप फिरत राहतो, फिरत राहतो आणि शेवटी जळतो.

पंप मी आदल्या दिवशीच उघडला होता. आत पाणी शिरलं होतं, पाती झिजली होती. साफ केला, पाती बदलली, वाळवून जागेवर बसवला. पण गळती सापडल्याशिवाय गाडी परत देण्यात काही अर्थ नव्हता, महिनाभरात पंपाची तीच गत झाली असती. गळतीचा आवाज म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी झोपेत उसासा टाकावा एवढाच. तो ऐकायचा तर एकाने सगळी दारं लावून आत बसायचं आणि नळ्यांना कान लावायचा. दुसऱ्याने बाहेरून दारातली किल्ली फिरवायची.

काचा दुहेरी असल्यामुळे बाहेर काही ऐकू जात नाही. त्यातून शेजारचा पत्रेवाला दिवसभर ठोकाठोकी करतो. म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. बाहेरच्याने एक तळहात छपरावर ठेवायचा, म्हणजे आतली टकटक हाताला कळते. आतून छपराला एक टकटक म्हणजे थांब, मी ऐकतेय. दोन म्हणजे उघड. सलग टकटक म्हणजे पुन्हा चालव.

आदल्या दिवशी दोनदा तो उसासा माझ्या कानाला लागला आणि दोनदा दादाने दार उघडून पत्रेवाल्याच्या मेव्हण्याची हकिगत सांगायला सुरुवात केली. सकाळी मी त्याच्यावर भडकलेच.

"आज मधे एक शब्द जरी बोललास ना," मी म्हणाले, "तर हे गॅरेज तुझं तुला लखलाभ. मी चालले."

"चालले म्हणजे कुठे?"

"मोठ्या शोरूमवाल्यांनी बोलावलंय. खरंच बोलावलंय, दादा. मी अजून त्यांना नाही म्हटलेलं नाही."

तो हसायला गेला, पण माझा चेहरा बघून थांबला.

"आणि काचेतून माझ्याकडे बघत बसू नकोस. मला घाई होते."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. मग मुकाट्याने चालकाच्या दाराशी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, एक हात छपरावर, दुसरा किल्लीवर. हाताची घडी नव्हती आणि तोंडावर बोटही नव्हतं, पण थाट तोच. मला तर बरंच वाटलं.

बाकीची तयारी नेहमीचीच. आत माणूस असताना कुलूप लावलं की या गाडीचा अलार्म बोंबलतो, म्हणून भोंग्याचा फ्यूज काढून ठेवला. ऊन नको म्हणून पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावला, मागचे पडदे ओढले. फोन खरखरतो म्हणून बाहेरच्या बाकावर ठेवला. किल्ली फिरवून धरली की कुलपं दुहेरी बसतात, मग आतली कडी ओढून दार उघडत नाही. पंपाशिवाय, बाहेरून नुसत्या किल्लीनेही उघडता येतं खरं, पण त्यासाठी दारात एक सळई लागते आणि ती कुणा शहाण्याने कधीतरी तोडून ठेवली होती. आमच्या ते लक्षात आलं होतं. पण आधी गळती, मग सळई, असं ठरलं होतं.

दार टेकवलं. गाडीने ते हळूच आत ओढून घेतलं. मी मागच्या सीटचं बूड उचलून गुडघ्यांवर बसले आणि सलग टकटक केली. पंप घुमला, कुलपं खाली बसली, आणि त्याच क्षणी डाव्या मागच्या दाराच्या पायाशी टप्प असा आवाज झाला. गालिच्याखाली नळीचं कोपरासारखं रबरी वळण होतं. आतापर्यंत त्याला नुसती चीर होती, आता ते उभं फाटलं होतं. हवा भसाभस आत शिरत होती. सापडली! मी एक टकटक केली. पंप थांबला. मग खुशीत दोन टकटक केल्या.

पंप उलटा फिरला. कुलपं जरा हलली आणि तिथेच राहिली. सगळी हवा फाटक्या वळणातून बाहेर जात होती. पंप फिरतच राहिला, मग आपणच बंद पडला. मी पुन्हा दोन टकटक केल्या. पुन्हा तेच. या वेळी जळका वास आला.

गाडी काळी, वर ऊन, आणि बंद काचा. घाम डोळ्यांत उतरत होता. काचा विजेच्या, आणि किल्ली बाहेर. मी कडी ओढली, मग दुसरी ओढली. मला माहीत होतं उघडणार नाही, तरी ओढली. मग मी ओरडले. "दादा! उघडत नाहीये!" माझाच आवाज त्या मऊ अस्तरात जिरून गेला. पुढच्या सीटांवरून सरपटत मी चालकाच्या काचेपाशी गेले. त्याची पाठ माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. शर्टावर घामाचा डाग पडलेला दिसत होता. मी दोन्ही मुठींनी काच बडवली, छप्पर बडवलं, जीव खाऊन बडवलं.

दादाने किल्ली फिरवली.

सलग टकटक म्हणजे पुन्हा चालव. मी बडवत होते आणि तो इमानेइतबारे फिरवत होता. मागे पंप कण्हत होता, फोममधून धूर निघत होता, मला खोकला आवरेना आणि खोकत खोकत मी आणखी बडवत होते. शेवटी किल्ली फिरली तेव्हा पंपाने नुसतं खट् केलं. मी कालचा दिवस घालवून जिवंत केलेला पंप मीच मारला होता.

पाचावर धारण बसली म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मी बडवणं थांबवलं. छपराला एकच टकटक केली.

तो थांबला. आणि थांबूनच राहिला. एक टकटक म्हणजे ती ऐकतेय. तो संध्याकाळपर्यंत थांबला असता. आमच्या खुणांमध्ये मी मरतेय याची खूणच नव्हती.

डोक्यात घणघण सुरू झालं होतं. भोंगा दाबून पाहिला, पण त्याचा फ्यूज माझ्याच खिशात आणि तो बसवायची पेटी बाहेर, बॉनेटखाली. ओठ सुकलेले, श्वास नुसता गरम. मला रडू आलं, आणि रडताना दादाचा इतका राग आला की त्या रागानेच मी हलले. मागे सरपटत गेले. पंप मेला म्हणून काय झालं, नळ्या तर होत्या.

केसांतला चाप काढला. फाटक्या वळणाच्या अलीकडे नळी दुमडली आणि चापात घट्ट पकडली. ते एक दार गेलं तर गेलं. मग पंपावरून मुख्य नळी उपटली. तोंडाला धरली तर तिला धुराची चव. फुंकर मारली. खोकला आला, सगळी हवा वाया गेली. पुन्हा मारली. उजव्या मागच्या दारावरची कुलपाची खुंटी तांदळाच्या दाण्याएवढी वर आली आणि मी श्वास घेताच खाली गेली. श्वास घेताना नळी जिभेने बंद करायची, हे तिसऱ्या खेपेला सुचलं. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. फुंकर, जीभ, श्वास. फुंकर, जीभ, श्वास. आई गं, वर ये, मी त्या खुंटीला मनातल्या मनात म्हणत होते, वर ये माझे बाई.

खट्.

मी कडीवर अंग टाकलं. दार उघडलं आणि मी अंगणातल्या फरशीवर पडले. फरशी तापलेली होती, तरी ती मला गार लागली.

दादा अजून भिंतीकडे तोंड करून होता. दाराच्या आवाजाने वळला, आधी माझ्याकडे बघितलं, मग आतून येणाऱ्या धुराकडे. किल्ली त्याच्या हातातून खाली पडली. झेपावून त्याने मला उचलून सावलीत बसवलं, बादलीतलं पाणी डोक्यावर ओतलं, तोंडाला भांडं लावलं.

आवाज फुटला तेव्हा मी पहिल्यांदा शिव्याच दिल्या. भिंतीशी लग्न लागलंय का तुझं, म्हटलं. वळून बघता येत नाही? धुराचा वास येत नाही माणसाला?

तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "आला होता."

"काय?"

"वास. आला होता मला. पहिल्यापासून." त्याने ओल्या हाताने तोंड पुसलं. "दोनदा तोंड उघडलं. पण म्हटलं, आता बोललो तर तू जाशील."

पत्रेवाल्याची ठोकाठोक चालूच होती. माझ्या ओठांवर त्या नळीची काजळी होती आणि दादाचा तळहात छपराच्या पत्र्याने लालभडक झाला होता. तापल्या पत्र्यावरून त्याने तो इतका वेळ उचलला नव्हता. मी तो हात ओढून बादलीत घातला.

"बोल," मी म्हणाले.

त्याने हात बादलीतून काढायला बघितला, मी तो तसाच दाबून धरला.

"दादा, बोल ना काहीतरी. पत्रेवाल्याच्या मेव्हण्याचं काय झालं पुढे?"

त्याने दोनदा घसा साफ केला, पण त्याला काही बोलता आलं नाही.