अर्धलीची डोई

ह्ये लिहायचं न्हाई असंच ठरवलं हुतं. वाईट गोष्ट आधी लिहून ठेवली की ती खरी हुती, असं मल्हारची आई म्हणती. दोनदा टाइप केलं आन् पुसलं. आज दुपारी त्येचा मेसेज आला म्हणून परत बसलोय.

मी सम्मेद. गाव सांगलीजवळ, पर ऱ्हातो साताऱ्यात, गोडोलीत एका खोलीत. कॉलेज मधीच सोडलं. तक्ते, आलेख, सगळं व्हिडिओ बघून शिकलो आन् आता त्येच काम करतो. लोक आकडे पाठवत्यात, मी त्येची चित्रं करून देतो. खोलीत माझा जोडीदार मल्हार, आटपाडीकडचा, धनगराचा. लोणंदच्या एका कारखान्यात ठेक्यावर वेल्डर हुता. ठेका बंद झाला तवा त्येनं परदेशातल्या कामाची परीक्षा दिली. पायपाचा जोड असा मारला की परीक्षा घेणाऱ्यानंच त्येचा फोटू काढून घेतला. तेलाच्या एका देशात टाक्या बांधायचं काम. देशाचं नाव लिहीत न्हाई. मल्हार अजून तिथंच हाय.

योग असा, की त्येचं तिकीट आलं त्याच आठवड्यात मला त्याच देशाचं काम आलं. एका चॅनलवाल्याला व्हिडिओ करायचा हुता. जमिनीखाली शिल्लक ऱ्हायलेलं तेल भागिले देशातली माणसं, दर वर्षाचं. म्हंजे एकेका माणसाच्या वाट्याला किती पिंपं येत्यात ते. सोपं काम. तेल उपसत्यात म्हणून कमी हुतंय, माणसं वाढत्यात, म्हणून लाइन आपली खाली खाली.

फकस्त एका ठिकाणी ती टुणकन वर गेलती.

"मल्ल्या, हिकडं बघ! तुझा देश श्रीमंत झालता की रं."

तो बॅग भरत हुता. "आधी माझा हुं दे. नवीन तेल घावलं का?"

"न्हाई. तेल कमीच झालंय."

"मग वर कशी गेली लाइन?"

आकडा चुकला असंल म्हणून मी परत बघितलं. आकडा बरोबर हुता. "माणसं कमी झाली रं. वाटणीला माणसं कमी, म्हणून वाटा मोठा."

"कमी झाली म्हंजे? मेली?"

मी लगीच शोधलं. "साथ न्हाई, लढाई न्हाई." माणसांचे दोन रकाने हुते, देशातली आन् बाहेरनं कामाला आलेली. देशातली थोडी वाढलीच हुती. बाहेरची एका वर्षात तीन लाख कमी. कुठं गेली त्येची एक ओळ न्हाई कुठं.

मल्हार शर्टाची घडी तशीच हातात धरून उभा. मग हसला, पर निम्मंच. "अर्धलीची मेंढरं."

"काय?"

"आरं, लोकांची मेंढरं आमी अर्धलीनं राखतो. सांभाळायचं आमी, पैदास निम्मी निम्मी. पर दुष्काळ पडला, चारा आटला, की कळप हलका करायचा. आपलं मेंढरू कोण काढतंय? आधी अर्धलीचं जातंय. मागं ऱ्हायलेल्यांना चारा जास्त." त्येनं लाइनीच्या त्या टोकावर बोट ठेवलं. "ह्ये साल कुठलं?"

मी साल सांगितलं. तो बॅगेवरच बसला.

"अर्जुना त्याच साली आला."

अर्जुना त्येचा चुलतभाऊ. त्याच देशात गेलता आन् करार अर्धा ऱ्हायला असताना एक दिवस एसटीतनं उतरला, हातात एक पिशवी. काम झेपलं न्हाई म्हणून पळून आला, असं गावानं ठरवलं. नाव पडलं रिटर्न. "रिटर्न आला रं, चा टाक!" अर्जुना कुणाला काय बोलला न्हाई. मेंढरं घिऊन माळाला जायला लागला. मल्हार पण त्येला रिटर्नच म्हणायचा.

रविवारी आमी दोघं विट्यावरनं आटपाडीला गेलो, आन् तिथनं पुढं त्येच्या गावाला. अर्जुना माळावर बाभळीखाली बसलेला. मला बघून म्हणला, "ह्यो जैनाचा काय? आवं, दिवस बुडायच्या आत जेवून घ्या, न्हाईतर आमाला नावं ठेवशीला." मल्हारनं मोबाइल त्येच्या फुडं धरला.

"कसला डोंगर ह्यो?"

"तू आलास त्या सालाचा," मल्हार म्हणला. "तुमाला काढलं, म्हणून त्येंचा वाटा वर गेला. तीन लाख माणसं हुती, आर्ज्या. तू एकटा न्हवतास."

अर्जुनानं पॅंटीला हात पुसला, मोबाइल घेतला. लय वेळ बघत बसला. बोट काचंला लागलं की चित्र मोठं व्हायचं, तो परत बारीक करायचा.

"तीन लाख," म्हणला. "मला वाटायचं आमच्याच कॅंपाचं नशीब." मग त्येनं मोबाइल उलटा ठेवला आन् बोलायला लागला. "आधी तिघं आले. नाव न्हाई इचारलं, पासपोर्ट न्हाई मागितला. आमाला वळीनं उभं केलं आन् हेल्मेटवर पेन वाजवत मोजत गेले. टक, टक, टक. धनगराचं पोरगं मी, मला तवाच कळाय पायजे हुतं."

मी मल्हारकडं बघितलं. तो खाली बघूनच म्हणला, "आमच्यात मेंढरू नजरंनं मोजत्यात. डोक्याला हात लावून मोजायचं ते फकस्त इकताना. हात लागला की ते मेंढरू कळपातनं गेलं."

"आठ दिसांनी गाड्या आल्या," अर्जुना म्हणला. "वेल्डिंगची कांडी जळतच हुती माझ्या हातात. पगाराचं इचारलं तर मागनं पाठवू म्हणले. जे आडून बसले त्येंना दुसऱ्या गाडीत घातलं. ती गाडी इमानतळाकडं वळली न्हाई. कुठं गेली ते मला आजबी ठावं न्हाई." आन् मग मल्हारला, "हितं आलो तर तुमी चा टाकला."

मल्हारनं त्येच्या गुडघ्यावर हात ठेवला. मेंढरं लांब गेली तवा अर्जुना उठला. "जाऊ नगं म्हणत न्हाई. तुझा जोड माझ्यापरास भारी हाय, तुला ठेवत्याल बी. पर मोजायला आले की कळव."

येताना एसटीत मी म्हणलो, "नगं जाऊस गड्या."

"आता तर लाइन खालीच चाललीय न्हवं? म्हंजे माणसं घ्यायल्यात."

"माणसांचा आकडा दोन वर्सं उशिरा येतोय, मल्ल्या. आज तिथं काय चाललंय ते तक्त्यात लय मागनं दिसतंय."

"म्हंजे मला बाहेर टाकलं तरी तुझ्या तक्त्यात मी आतच?"

"व्हय."

"मग पगार बी तक्त्यातनंच घेतो की." हसला. मग खिडकीकडं तोंड करून म्हणला, "लोणंदला गेटवर काम मागाय रोज उभा ऱ्हातोय मी, सम्या. गाडीतला साहेब काच खाली करत न्हाई. आन् तिकडं कुणीतरी माझ्या जोडाचा फोटू काढला."

तो गेला. मी आलेख पाठवला. लाइनीच्या त्या टोकाला लिहिलं हुतं, तेल वाढलं न्हाई, माणसं काढली. चॅनलवाल्यानं ते पुसलं आन् तिथं हिरवा बाण टाकला. व्हिडिओ लय चालला. खाली लोक लिहित्यात, असा देश पायजे.

चार म्हयनं बरं गेलं. टाकीचे फोटू, जोडाचे फोटू, डाळ कच्ची ऱ्हाती म्हणून शिव्या. मधी एकदा म्हणला, तेलाचा भाव पडलाय, शेजारचा कॅंप रिकामा झालाय, पर आमच्यात काय न्हाई.

आज दुपारी मेसेज आला.

"सम्या, तिघं आलते. हेल्मेटवर पेन वाजवत गेले. मी नाव सांगाय गेलो तर पुढं सरकले."

मी लगीच फोन लावला. लागला न्हाई. मेसेज टाकले. एकच टिक. आता दिवस बुडाला, जेवायचं ऱ्हायलं, टिक एकच हाय. अर्जुनाला फोन केला. तो इतकंच म्हणला, "पैल्या एसटीनं येतो."

मल्ल्या, ह्ये तुझ्यासाठी. तुझा फोन लागला की वाच. तक्त्यात आकडा यायची वाट मी बघणार न्हाई. तुझ्या पासपोर्टची झेरॉक्स आन् करार माझ्यापाशी हाय. सकाळी मी आन् अर्जुना तुला पाठवणाऱ्या एजंटाच्या दारात असू, तिथं न्हाई भागलं तर पुण्याच्या पासपोर्ट हापिसात, मग दिल्लीला. जिथं जाईन तिथं तीन लाख म्हणणार न्हाई. मल्हार म्हणीन, आडनाव सांगीन, बापाचं नाव सांगीन. आन् तू एसटीतनं उतरशील तवा कुणी रिटर्न म्हणलं, तर सगळ्या गावाम्होरं त्येला ह्ये मोठ्यानं वाचायला लावीन, तवर त्या देशाचं नाव बी ह्येच्यात भरलेलं असंल. शब्द दिला गड्या.