हळदी-कुंकू बदकाची हूल

बहात्तरच्या दुष्काळात सोनईकडच्या आमच्या शिवारात दोनच गोष्टी हिरव्या उरल्या होत्या: ओढ्याकाठचं माझं वाफाभर गवत आणि देवळाचा रंगवलेला दरवाजा. दरवाजा आमच्या गाईनं दोनदा चाटून पाहिला. गवत कापलं तर ती आठवडाभर तगणार होती, नाहीतर दावं सोडून द्यायचं होतं.

नेमकं त्याच गवतात हळदी-कुंकू बदकानं घरटं केलं. चोचीचं टोक हळद लावल्यासारखं पिवळं, बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके, म्हणून हे नाव. मादीनं स्वतःच्या छातीची पिसं उपटून आठ अंड्यांखाली अंथरली होती. चरायला जाताना त्याच पिसांनी अंडी झाकून जायची.

माझी बायको छबूबाई आडवी आली. "सवाशीण हाय ती. बाळंतिनीचं पांघरून वढता व्हय?"

"अगं, गाय मरंल."

"मग माझं लुगडं चारा तिला. गवताला इळा लावायचा न्हाई."

तिची नजर चुकवून मी विळा घेऊन गेलोच. गवत हललं तशी मादी बाहेर पडली, एक पंख मोडल्यागत फरफटत. म्हटलं, आयती सापडली. अंड्यांसकट पाटीत ठेवू आणि गवत कापू. पण मी दोन हातांवर आलो की ती चार हात पुढं. ओढ्याच्या कोरड्या पात्रातून तिनं मला असं पळवलं, की माझी सावली दमून वाटेतच बाभळीखाली बसली.

वळणापलीकडं, काट्यांमुळं कुणी शिरत नसे तिथं, माझा पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतला. भोवती कमरेइतका लव्हाळा. मादी दोन्ही पंखांनी झकास उडाली आणि घरट्याकडं परतली. अंडी-पिल्लं वाचवायला ही पाखरं अशी हूल देतात, हे मला तेव्हा कुठलं ठाऊक?

भारा घेऊन घरी आलो. छबूबाईचा चेहरा उतरला. "कापलंच न्हवं?"

"न्हाई गं. तुझ्या सवाशिनीनं दुसरं दावलं." मग सगळं सांगितलं.

"गावाला थापा मारनाऱ्याला पाखरानं गंडवलं," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन घरट्याच्या दिशेनं हात जोडून आली.

लव्हाळ्यावर गाईनं महिना काढला. त्याच महिन्यात अंडी फुटली. त्या चिखलात मी झिरा खणला होता, पाझराचं पाणी साठायला मोठा खड्डा. अंडी फुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी आठही पिल्लं आईमागं रांगेनं तिथं निघाली. मी पुढं कुत्री हाकलत, छबूबाई मागं मूठमूठ ज्वारी टाकत. झिऱ्यावर पाण्याला आणलेली गाय तहानेनं पाण्याकडं ओढत होती. पिल्लांचं पोहून होईस्तोवर मी तिचं दावं आखडून धरलं.