पापणी न लवता

चौथा फटका बसला तेव्हा सुताराने मान वर केली आणि अगदी काळजीने विचारावं तसं म्हणाला, "साहेब, रडू नका हो. मला तितकंसं लागत नाहीये."

बराकीतल्या साठ कैद्यांनी आधी श्वास रोखला. मग कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि पाठोपाठ साठच्या साठ.

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पहारेकऱ्याला कोणी हसलं नव्हतं. कैदी त्याला 'घुबड' म्हणत, तेही भिंतीकडे तोंड करून. कारण माणसाकडे बघायला लागला की त्याची पापणी लवत नसे. आज त्याच डोळ्यांतलं पाणी गालावर, गालावरून मिशीत आणि मिशीतून गणवेशाच्या पितळी बटणांवर ठिबकत होतं. गेले दोन महिने हे चाललं होतं. आधी वाळू गेल्यासारखं खुपायचं, मग आग व्हायची, मग धारा. त्याने त्याचा दोष धुळीवर, वाऱ्यावर आणि बायकोच्या फोडणीवर ढकलला होता.

हशा थांबवायची एकच रीत त्याला ठाऊक होती. सुताराचा उजवा हात बाकावर टेकलेला होता. दांडकं हवेत असतानाच बराक चिडीचूप झाली. पण निघालेलं दांडकं मधेच थांबवायचं शिक्षण त्याला कोणी दिलं नव्हतं. दोन बोटं मोडल्याचा आवाज सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला.

ही मारहाण सुतारखान्यातली एक पटाशी हरवली म्हणून चालली होती. पटाशी दुसऱ्या दिवशी सापडली, जेलरसाहेबांच्या घरी. त्यांच्या स्वयंपाकघराचं दार फुगलं होतं म्हणून त्यांनीच नेली होती. साहेब म्हणाले, "चालायचंच," आणि लगेच कडक हुकूम काढला: हत्यारं बाहेर असताना पहारेकऱ्याने सुतारखाना क्षणभरही सोडायचा नाही. सुताराची बोटं जुळली, पण वाकडी. आणि घुबडाचा 'नळ' झाला. तो बराकीत शिरला की टोकाकडून आवाज यायचा, "बादल्या लावा रे!"

डोळ्यांची डॉक्टरीण त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिने पापण्या उलटून पाहिल्या, पिवळं औषध घातलं, निळ्या उजेडात बराच वेळ बघितलं.

"काका, तुमचे डोळे कोरडे पडलेत."

पहारेकऱ्याने हातातला रुमाल पिळून दाखवला. "हे कोरडे?"

"कोरडे आहेत म्हणूनच पाणी येतंय. आग लागली की बंब येतो ना, तसं. बंबाच्या पाण्याने घरातल्यांची तहान भागते का? चांगल्या अश्रूवर तेलाचा पातळ थर असतो. पापणी मिटली की तो डोळ्यावर पसरतो. तुमच्या पापण्यांच्या कडेला तेलाच्या ग्रंथी आहेत, त्या बुजल्यात. त्यात तुम्ही मघापासून डोळा मिटलेलाच नाही. काम काय करता?"

"बघतो," तो म्हणाला.

खरंच होतं ते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याने त्याला टेबलापलीकडे बसवलं होतं. दोघांनी एकमेकांकडे बघायचं. पापणी लवली की थोबाडीत. पहिल्या दिवशी त्याने एकतीस खाल्ल्या, महिनाअखेर एकही नाही. पुढे त्याने स्वतः चाळीसेक पोरं अशीच तयार केली. त्यातला एक आता इथलाच जेलर होता.

डॉक्टरीणबाईने कागदावर लिहून दिलं. दिवसातून चारदा थेंब, आणि थेंब घातल्यावर मिनिटभर डोळे गच्च न आवळता मिटून ठेवायचे. घरी गरम पाण्यात पिळलेला फडका पापण्यांवर दहा मिनिटं, मग बोटाने हलकं चोळायचं. पंख्याचा झोत तोंडावर घ्यायचा नाही. आणि पापण्या मिटायच्या, पूर्ण, आठवण ठेवून.

"किती दिवसांत बरं होईल?"

"बरं नाही होत, काका. सांभाळायचं असतं. संसारासारखं."

संसारात सांभाळायचं असतं ही बातमी त्याला नवीन होती.

घरी तो खाटेवर आडवा झाला. बायकोने फडका पिळून डोळ्यांवर ठेवला आणि उशाशी बसली. तीनेक मिनिटं गेली.

"पोरगी घरी का येत नाही, सांगू?" ती एकदम म्हणाली.

"का?"

"परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्या हातावर मारलंत. उजव्या. डाव्या हाताने पेपर लिहिला तिने."

"आजच बरं आठवलं!"

"आठवतं रोज. तुम्ही असे टक लावून बघता, की जीभ टाळूला चिकटते. आज डोळे झाकलेत म्हणून बोलता आलं."

त्याचा हात फडक्याकडे गेला. तिने तो मनगटाशी धरून खाली ठेवला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"दहा मिनिटं सांगितलीत डॉक्टरांनी. अजून सहा आहेत."

ती सहा मिनिटं तिने वाया घालवली नाहीत.

सकाळ, संध्याकाळ आणि रात्रीचे थेंब घरी व्हायचे. अकराचे थेंब संडासात जाऊन घालावेत, तर साहेबांचा हुकूम आडवा येत होता. चार दिवस त्याने तसेच काढले. पाचव्या दिवशी लाकडाच्या भुशाने डोळ्यांत निखारे पेटले. सुतारखान्यात बाराजण होते. बारा जणांच्या हातात बारा हत्यारं. समोर सुतार डाव्या हाताने रंधा मारायला शिकत होता. उजवी दोन बोटं हुकासारखी बाहेर राहिली होती.

पहारेकरी भिंतीला पाठ लावून बाकाशी बसला. दांडकं खाली ठेवलं. थेंब घातले, डोळे मिटले आणि उजवा हात बाकावर टेकवला. तो तिथेच का टेकवला, हे पुढे चौकशीत कोणी विचारलं नाही.

एक, दोन, तीन. रंध्याचा आवाज चालू होता. तिसाला तो थांबला. पस्तिसाला कोणीतरी जवळ येऊन उभं राहिलं. घामाचा आणि ताज्या लाकडाचा वास आला. एक्केचाळीसला लाकडी हातोडा उतरला.

बोटं मोडल्याचा आवाज आधी आला, कळ मागून. त्याच्या घशातून काहीतरी बाहेर पडलं, पण डोळे उघडले नाहीत. डॉक्टरीणबाईने मिनिट सांगितलं होतं. एकोणीस आकडे उरले होते, ते त्याने मोजले. मधेच रंधा पुन्हा सुरू झाल्याचं त्याला ऐकू आलं.

डोळे उघडले तेव्हा बारा माणसं मान खाली घालून काम करत होती.

जेलरसाहेब धावत आले. "कोणी केलं? नाव सांग, आत्ता सोलून काढतो एकेकाला!"

"दिसलं नाही, साहेब. डोळ्यात औषध होतं."

"सत्तावीस वर्षं झाली नोकरीला, आणि दिसलं नाही म्हणतोस? वर रडतोयस!"

"रडत नाही, साहेब. कोरडे पडलेत."

बाराजणांपैकी कोणीही हसलं नाही.

त्या दिवशी फडका पिळताना बायकोने प्लास्टरमधल्या बोटांकडे बघितलं. कसं झालं, ते विचारलं नाही. फडका डोळ्यांवर ठेवून ती नेहमीसारखी उशाशी बसली.

"बोल," तो म्हणाला.

"आज काही नाही."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "झाली दहा मिनिटं."

फडका गार होऊन गेला होता. त्याने तो काढला नाही.