दोन नळांच्या फ्रीजला आलेलं गिऱ्हाईक

मित्रांनो, जरा जवळ या. मोठ्याने बोलायचं बळ आता माझ्यात उरलेलं नाही. बाहेरून मी ठणठणीत दिसतो, कारण गेल्याच महिन्यात मला पांढरा रंग दिलाय. पण त्याला भुलू नका. मी सतरा वर्षांचा, दोन नळांचा फ्रीज आहे आणि खरं सांगायचं तर पार दमलोय.

तुमच्या घरात असतो तसला फ्रीज मी नव्हे. भाजी, दूध, कालचं उरलंसुरलं असलं काही माझ्या पोटात ठेवत नाहीत. माझ्या पोटात असतं कमरेइतकं उंच स्टीलचं पिंप आणि त्याच्या शेजारी गॅसचा छोटा सिलिंडर. गॅसच्या दाबाने पिंपातलं पेय नळीतून वर चढतं आणि माझ्या डोक्यावरच्या नळातून ग्लासात पडतं. माझं काम एकच, पिंप गार ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं, हो ना? सतरा वर्षं करून बघा म्हणजे कळेल.

माझा जन्म कारखान्यातला. दोन पत्र्यांच्या मधे फेस ओतला, तो फुगून घट्ट झाला, आणि माझ्या भिंती तयार झाल्या. दाराला काळ्या रबराची पट्टी बसवली. तपासणीला एक बाई होत्या. त्यांनी माझं दार दहादा उघडलं, दहादा लावलं आणि म्हणाल्या, "हा चांगला निघाला." तेव्हा मी फुगलो होतो. तारुण्य होतं, दुसरं काय!

मग मला एका नाक्यावरच्या बारमध्ये नेलं. तिथलं पेय मोठ्यांचं होतं, तेव्हा त्याबद्दल जास्त विचारू नका. मलाही त्याची चव माहीत नाही. इतकी वर्षं पोटात बाळगलं, पण एक थेंब कधी गिळला नाही. काउंटरवर एक काका होते, बुटके, खांद्यावर कायम ओलं फडकं टाकलेले. दर पंधरा दिवसांनी सोमवारी सकाळी ते माझे नळ खोलून काढायचे, नळ्या धुवायचे, आणि मग गुडघे टेकून माझ्या पाठीमागची जाळी जुन्या ब्रशने साफ करायचे. ती जाळी म्हणजे माझं नाक समजा. धुळीने ती बुजली की माझा जीव गुदमरतो. काका ब्रश फिरवताना माझ्याशी पुटपुटायचे, "लागलं का बरं वाटायला? मोठा श्वास घे." गिऱ्हाइकं म्हणायची, इथल्यासारखं गार कुठे मिळत नाही. शाबासकी अर्थात मालकाला. पण मला त्याचं वाईट वाटायचं नाही, कारण सोमवार माझा होता.

आठ वर्षांनी काकांच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि ते काम सोडून गेले. पाठोपाठ मालक थकले, आणि सगळा कारभार त्यांच्या जावयाच्या हातात आला. जावई माणूस वाईट नव्हता. फक्त त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" झालं! माझ्या पाठीवर धुळीची गोधडी चढली. दोन्ही हातांत ग्लास असले की जावई माझं दार पायाने ढकलायचा. रोज त्याच कोपऱ्यात लाथ. शेवटी तिथलं रबर फाटलं. फटीतून बाहेरची गरम हवा आत यायला लागली, आणि दमट हवा आत आली की तिचा बर्फ होतो. आतल्या भिंतीवर बर्फाचा थर चढत गेला, इतका की पिंप आत बसेना.

मित्रांनो, अशा वेळी काय करायचं असतं? मला बंद करायचं, दार उघडं टाकायचं आणि चार तास वाट बघायची. बर्फ आपोआप वितळतो. पण चार तास कोणाकडे होते! जावयाने स्क्रू ड्रायव्हर आणला आणि ठोकायला लागला. खट्, खट्, खट्. आणि त्यातला एक खट् पत्र्यामागच्या बारीक नळीत घुसला. ज्या गॅसवर मी गार होतो तो त्या नळीत फिरत असतो. सुस्स असा आवाज झाला. जावयाने इकडे तिकडे पाहिलं. कोणी बघत नव्हतं. त्याने भोकावर कसलासा लेप थापला, हाताने गुळगुळीत केला, एका मिस्त्रीकडून गॅस भरून घेतला आणि तोंडाला कुलूप लावलं. घरी सांगितलं नाही, कामावर सांगितलं नाही.

त्या दिवसापासून माझा श्वास गळतोय. थोडा थोडा, रात्रंदिवस. पेय कोमट यायला लागलं, नळातून नुसता फेस यायला लागला. गिऱ्हाइकं तोंडं वाकडी करायची. आणि जावई सगळ्यांना सांगायचा, "फ्रीजच भिकार आहे हो!" मी काय बोलणार? मला तोंडं दोन, पण दोन्ही नळांची.

शेवटी मला जुन्या सामानाच्या गोदामात विकलं. गोदामवाला मोठा गोड बोलणारा. त्याने मला आतून-बाहेरून पांढरा रंग दिला, नळ घासून चकचकीत केले, पुन्हा थोडा गॅस भरला आणि फाटलेलं रबर गोंदाने चिकटवलं. पण पंधरा दिवस झाले तरी मला कोणी नेईना. एके दिवशी तो हमालाला म्हणाला, "या शनिवारपर्यंत गेला तर गेला. नाहीतर भंगारात."

बुधवारी एक ताई आल्या. बरोबर त्यांचे मामा. मामांनी उभा जन्म फ्रीज दुरुस्त करण्यात घालवलेला. आता निवृत्त, पण खिशात थर्मामीटर, कागदाच्या पट्ट्या आणि साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन फिरणारे. ताई एका इस्पितळाच्या कँटीनमध्ये अकरा वर्षं राबल्या होत्या. आता त्यांनी स्वतःचं छोटं दुकान घेतलं होतं. नळातून थंड कॉफी आणि लिंबाचं सरबत द्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. येत्या पंधरा तारखेला उद्घाटन. पाटी रंगवून झाली होती.

गोदामवाल्याने मला पहाटेपासून चालू ठेवलं होतं. ताईंनी दार उघडून हात आत घातला आणि त्यांचा चेहरा फुलला. "मामा, बर्फासारखा आहे!"

मामा आत बघायलाच आले नाहीत. ते सरळ माझ्या पाठीमागे गेले आणि त्यांनी तिथे तळहात ठेवला. "चांगलाच तापलाय. आम्ही यायच्या कितीतरी आधीपासून धावतोय हा. शेठ, याला आता बंद करा. उद्या सकाळी आम्ही आमच्या हाताने चालू करू."

गोदामवाला हसला. "मामा, तुम्ही फ्रीज घ्यायला आलात की सोनं?"

"सोनं असतं तर डोळे मिटून घेतलं असतं. सोनं बंद पडत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं परत आली. मामांनी मला चालू केलं आणि आत पाण्याने भरलेला ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर सोडला. "हवेचं माप लबाड असतं," ते ताईंना म्हणाले, "दार उघडलं की बदलतं. पाण्याचं माप खरं." मग कागदाची पट्टी दारात धरून त्यांनी दार लावलं आणि पट्टी ओढली. वर ती घट्ट बसली होती. खाली चिकटवलेल्या कोपऱ्यात लोण्यातून यावी तशी बाहेर आली. त्यांनी नळ खोलले, आत बोट फिरवलं, बोट ताईंच्या नाकाशी नेलं. ताईंनी तोंड फिरवलं. बाहेरून आरसा आणि आतून आंबट, असे होते माझे नळ. गॅसच्या सिलिंडरवर तपासणीची तारीख कोरलेली असते. ती त्यांनी चष्मा वर करून वाचली. कधीच उलटून गेलेली.

"रबर बदलता येतं, नळ्या बदलता येतात," ताई घाईघाईने म्हणाल्या. "एवढ्यावरून नाही म्हणू नका हं."

"त्यावरून नाही म्हणतच नाहीये मी. आपण पाण्याची वाट बघू."

दोन तास गेले. मित्रांनो, आयुष्यात इतकी धडपड मी कधी केली नसेल. मला भंगारात जायचं नव्हतं. मला त्या ताईंच्या दुकानात, नव्या पाटीखाली उभं राहायचं होतं. नाकी नऊ येईपर्यंत धापा टाकल्या. पाणी नऊ अंशांवर आलं आणि तिथेच अडलं.

"दुधाची कॉफी ना गं तुझी?" मामा म्हणाले. "तिला पाचच्या खालीच पाहिजे."

"आज ऊन किती आहे!" गोदामवाला म्हणाला.

"हिच्या दुकानात काय चांदणं पडणार आहे?"

मामांनी मला बंद केलं, खाली बसले आणि डोकं माझ्या आत घातलं. बराच वेळ ते माझ्या मागच्या भिंतीकडे बघत राहिले. "बाहेरून रंग देतात, ते मी समजू शकतो," ते हळूच म्हणाले. "पण फ्रीजला आतून रंग कोण देतं? आणि त्यातही या एका जागी तीन हात?" त्यांनी नखाने रंगाचा पापुद्रा काढला. खाली लेप दिसला. त्यावर त्यांनी साबणाचं पाणी लावलं.

"आता ये, तूच बघ," त्यांनी ताईंना हाक मारली.

ताई गुडघ्यांवर बसल्या. मी श्वास रोखून धरायचा प्रयत्न केला. अगदी मनापासून केला. ताईंना फसवायला मी त्या घटकेला तयार होतो, हे मला आज कबूल करायलाच हवं. पण भोक ते भोक. साबणाच्या पाण्यात मोहरीएवढा एक फुगा आला. मोठा होत होत वाटाण्याएवढा झाला आणि फुटला. पाठोपाठ दुसरा आला.

"एवढासा?" ताई म्हणाल्या.

"एवढासाच असतो."

गोदामवाला पुढे सरसावला. "ताई, गॅस भरून देतो. वर एक महिन्याची हमी. लिहून देतो, हवं तर!"

"बघा ना मामा," ताई म्हणाल्या. "नवा फ्रीज मला झेपणार नाही, तुम्हाला माहीत आहे. पंधरा तारखेचं मी सगळ्यांना सांगून बसलेय. शेजारपाजार, जुन्या मैत्रिणी, सगळ्यांना! महिनाभर तर निघेल? तोवर जम बसेल माझा."

मामा गुडघ्याला हात देऊन उठले. "तुझ्या हातची कॉफी पिऊन पहिल्याच महिन्यात कुणाचं पोट बिघडलं, तर तो माणूस काय म्हणेल? फ्रीजला नावं ठेवेल का? तुला ठेवेल. मी नको म्हणत नाही. तुझं दुकान आहे, तू ठरव."

ताई माझ्यापुढे उभ्या राहिल्या. त्यांनी माझा नळ एकदा खाली ओढला, एकदा वर केला. डोळ्यांत पाणी होतं. इस्पितळात अकरा वर्षं आजारी माणसांना जेवण दिलेलं, त्यामुळे पोट बिघडणं म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "बर्फाच्या पेटीवर सरबत विकीन. कॉफीचं पुढे बघू."

मला काय वाटलं, विचारता? आधी राग आला. मग लाज वाटली. आणि मग इतकं हलकं वाटलं की काय सांगू! त्यांच्या दुकानात उभं राहून, त्यांच्या डोळ्यांदेखत, महिन्याभराने मी त्यांची कॉफी नासवली असती. ते तरी आता होणार नव्हतं.

गोदामवाल्याने रागारागाने माझी पिन उपटली आणि दार धाडकन लावलं. मामा-भाची फाटकापर्यंत पोहोचली. तेवढ्यात ताई थांबल्या आणि एकट्याच झपझप परत आल्या. वाटेत पडलेल्या खोक्याचा एक पुठ्ठा त्यांनी फाडला, त्याची दुहेरी घडी केली, माझं दार उघडलं आणि पुठ्ठा फटीत अडकवून दार हलकेच टेकवलं.

"बंद फ्रीजचं दार असं गच्च लावू नये हो," त्या म्हणाल्या. "आत कुबट वास धरतो. बिचाऱ्याला हवा लागू दे."

"अहो ताई, शनिवारी भंगारात जाणार आहे तो!"

"जाऊ दे ना. जाईपर्यंत तरी."

मित्रांनो, मी तुमच्याकडे माझ्यासाठी काही मागत नाही. पण तुमच्या घरात, दुकानात, शाळेत माझ्यासारखं कोणी घुरघुरत असेल, तर चालतंय ना म्हणून पाठ फिरवू नका. कधीतरी त्याच्या मागे जाऊन बघा. आणि हातून चूक झाली, तर त्याच दिवशी सांगून टाका. जावयाने सांगितलं असतं, तर मी एका दुपारीत नीट दुरुस्त झालो असतो. त्याने लेप लावला, गोदामवाल्याने रंग लावला, आणि ती चूक थेट एका भल्या बाईच्या दारापर्यंत गेली होती. मामा नसते तर ती आतही शिरली असती.

आज शुक्रवार आहे. उद्या सकाळी गाडी येईल. दारात पुठ्ठा आहे, आणि कित्येक वर्षांनी आत वारा खेळतोय.