ग्रानियानं नाही म्हटलं

आयर्लंडमधल्या टिपररीतल्या आमच्या गावात ग्रानिया टूहीकडे एकच जातिवंत घोडी होती. नवरा गेल्यावर तिनं दुभत्या गाई विकल्या आणि घोडीला नावाजलेला घोडा लावला. त्याचे आठ हजार युरो गेले. झालेलं मादी शिंगरू, ती शिंगी, दीड वर्षाची झाल्यावर आम्ही तिला लिलावात नेलं. मी गावचा खाटीक, गाडी माझी.

लिलावाआधी फर्गस लेनन तबेल्यापाशी आला. परदेशी मालकांसाठी घोडे घेणारा दलाल.

"बोली तीस हजारांवर नेतो, ग्रानिया. त्यातले पाच मला, रोख."

"आणि पैसे कुणाचे?"

"साहेबांचे. त्यांना काय कळतंय?"

"मग त्यांनाच विचारते की!"

"अशी बोललीस तर शिंगी परत न्यावी लागेल."

तसंच झालं. बोली सहा हजारांवर अडली. लेनन आणि बाकीचे दलाल हाताची घडी घालून उभे. ग्रानिया रिंगणातूनच ओरडली, "पाच हजार चारले असते तर हीच तीसला गेली असती! नाही विकायची!"

परतताना ती रडली, मग माझ्यावरच खेकसली, "बघतोस काय? एक पाय विकत घे हिचा." मी घेतला, म्हणजे पाव हिस्सा. दुसरा पोस्टातल्या बाईंनी, तिसरा फादर कॉनलननी. चौथा तिचा. शर्यतीच्या तालमीला महिन्याला दोन हजार लागत. शिंगीचं नाव तिनं नोंदवलं 'छदामही नाही'.

पहिल्या शर्यतीत ती शेवटची आली. "माझाच पाय मागे पडतोय वाटतं," फादर म्हणाले. चौथ्या शर्यतीत, लिमरिकच्या चिखलात, ती जिंकली. बक्षिसातून चार महिन्यांची तालीम जेमतेम निघाली, पण आठवड्यात लेनन ग्रानियाच्या अंगणात हजर.

"साहेब साठ हजार देतील."

"त्यांना म्हणावं, स्वतः फोन करा."

"अगं, धंद्यात असं चालत नाही."

"माझ्या दारात चालतं."

तीन दिवसांनी साहेबांचा फोन आला. किमतीआधी ग्रानियानं त्या पाच हजारांची हकिगत सांगितली, नाव घेऊन. मग साठ हजारांतच व्यवहार झाला, दलालाविना.

लेनन अजून धंद्यात आहे. दुसरे साहेब मिळाले त्याला. ग्रानियानं आपला वाटा पुन्हा घोडीवरच लावला. पुढच्या लिलावात एक अनोळखी म्हातारा शेतकरी तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "माझ्याकडे दलालानं चार हजार मागितलेत, बाई."

"मग हळू का बोलता?" ग्रानिया म्हणाली.