शेपटाची दुहेरी कड

जेवणाच्या टेबलावर विमान ठेवलं की ताटाला जागा उरायची नाही, पण लिफ्टवाल्याची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. बायको गेल्यापासून तो ओट्याशी उभ्यानेच दोन घास गिळायचा. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर रिमोटवर उडणाऱ्या विमानाचं खूळ बायकोनेच डोक्यात भरवलं. "घरात बसून माझ्या कामात नाक खुपसाल, त्यापेक्षा हे बरं," म्हणाली होती.

सांगाडा त्याने चिकटवला. वरचा रंगीत प्लास्टिकचा कागद तिने इस्त्रीने बसवला. ती शाळेचे गणवेश शिवायची, त्यामुळे कागद ताणून बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शेपूट सगळ्यात शेवटी झालं, आणि मग तिचं दुखणं वाढलं. आता ते विमान एकदा तरी उडवायचं, आणि तिने बसवलं तसंच उडवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

रविवारी मेहुणा आला. त्याला या विमानांचा जुना नाद. तोल बघायला दोन्ही पंखांखाली खुणेवर एकेक बोट लावून त्याने विमान उचललं. नाक जरासं झुकायला हवं होतं. झुकलं ते शेपूट.

"दाजी, हे असं उडवलंत तर नाक आभाळाकडे करेल आणि दगडासारखं खाली येईल. नवख्या हाताला सावरायचं नाही."

"नाकात शिसं घालू की."

घातलं. बॅटरी पुढे सरकवली, आणखी शिसं कोंबलं, नाकात बोट घालायला जागा उरली नाही. शेपूट खालीच. मेहुण्याने शेपटाच्या कडेवरून नख फिरवलं आणि थांबला.

"ताईने कड दुमडलीय."

"हो, मग?"

"दोनदा दुमडलीय. शिवाय आत पट्टी. दाजी, ताईने विमानाला गणवेशाची शिलाई घातलीय!"

दोघांनाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. पोरांनी वर्षभर घासला तरी कपडा उसवता कामा नये, म्हणून ती प्रत्येक कड दुहेरी करायची. कागदाचं असं काय वजन होणार, असं तिला वाटलं असणार. लिफ्टवाल्यालाही तसंच वाटलं होतं. ती कड दुमडत होती तेव्हा तो शेजारीच बसून होता.

"शेपूट लांब आहे," मेहुणा म्हणाला, "तिथलं चिमूटभर वजन पुढच्या मूठभराला भारी पडतं. सोलावं लागेल. एकेरी कागद बसवू."

"त्याला हात लावायचा नाही."

"मग भिंतीवर टांगा, तेही वाईट नाही. पण असं विमान मी मैदानात नेणार नाही. ताईच्या कामाचा चुरा झालेला मला नाही बघवणार. तुम्हाला बघवेल?"

लिफ्टवाल्याने उठून इस्त्री लावली.

"आण इकडे. मीच काढतो."

गोंद मऊ पडला तशा पट्ट्या निघू लागल्या. एका कोपऱ्यात घडी इतकी घट्ट बसली होती की ब्लेड घालावं लागलं. "काय चिकटवलंय, सोडतच नाही," तो पुटपुटला. मेहुण्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

नवा कागद लिफ्टवाल्याने स्वतःच बसवला. सुरकुत्या पडल्याच.

"ताईने शिव्या घातल्या असत्या."

"शिव्या नसत्या घातल्या. काढून पुन्हा करायला लावलं असतं."

नाकातलं थोडं शिसं काढलं. विमान पुन्हा दोन बोटांवर ठेवलं. नाक अगदी जरासं झुकलं. रिमोटची काडी हलवली तशी शेपटाची पट्टी वर-खाली झाली. सगळं जिथल्या तिथे.

"झालं," मेहुणा म्हणाला. "वारा पण पडलाय. निघायचं?"

लिफ्टवाला शेपटाकडे बघत होता. तिथे आता तिचं काहीच उरलं नव्हतं.

"पंख तरी ताईचेच आहेत, दाजी."

"तेच तर. पहिल्यांदा आपटतंच म्हणतात ना?"

मेहुणा खोटं बोलला नाही. "बहुतेक वेळा."

लिफ्टवाल्याने रिमोट पिशवीत टाकला. मग पंखावरून एकदा तळहात फिरवला. कागद कुठेच सैल नव्हता.

"तू धर विमान. सांभाळून," तो म्हणाला. "मला दाराला कुलूप लावायचंय."